हळदीची पुडी

मनोहररावांची काळी अँबेसिडर फार तापट. नागपूरहून सावनेरच्या सवाऱ्या भरून निघाली की कोराडी ओलांडत नाही तोच बॉनेटमधून वाफा सोडायची. डोकं तसं त्यांच्या बायकोचं, गोपिकाचंही लवकर तापे. पण ते दोन गोड शब्दांनी उतरे. गाडीला पाणीच पाजावं लागे.

वैशाखात मनोहरराव गेले ते या गाडीच्या पाण्यापायीच. पाटणसावंगीच्या अलीकडे गाडी उकळली, डब्यातलं पाणी आधीच्याच खेपेला संपलेलं. सवाऱ्यांना चिंचेच्या सावलीत बसवून ते भर दुपारी मैलभरावरच्या विहिरीवर गेले. डबा भरून आणला, रेडिएटरमध्ये ओतला आणि चाकाला टेकून बसले, ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं.

तेरवी आटोपली आणि गोपिकाने गाडी दोरखंडाने ओढवून देवाजीच्या गॅरेजात आणली. गॅरेज म्हणजे उमरेड रोडवरचा एक निंब आणि त्याखाली देवाजी. मनोहररावांचा तो जुना दोस्त. चंद्रभान नावाचा ड्रायव्हर सोमवारपासून गाडी भाड्याने चालवायला तयार होता, पण "तापणारी गाडी मले नोको" असं बजावून गेला होता. गाडी सुधारली तर गोपिका नागपुरातल्या नंदनवन वस्तीतल्या आपल्या दोन खोल्यांत राहणार होती. नाही सुधारली तर गाडी भंगारात आणि ती कन्हानला भावाकडे. भाऊ वाईट नव्हता. पण भावाच्या घरी चार दिवस राहावं, जन्म काढू नये, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"भाऊजी, माह्यापाशी साठ रुपये आहेत," ती म्हणाली. "त्याच्यात होईन का?"

"आधी फुकटचं पाहू वहिनी. पैशाचं मागून."

देवाजीची रीतच ती. त्याने रेडिएटरचं झाकण तपासलं, ठीक होतं. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला, तोही ताठ. रबरी नळ्या पिळून पाहिल्या. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा थर्मोस्टॅट पाहायचा प्रश्नच नव्हता. पहिल्याच उन्हाळ्यात तो काढून फेकायचा, हा नागपूरच्या मिस्त्र्यांचा कुळाचारच. मग त्याने इंजिन सुरू केलं, झाकण उघडं ठेवून आत वाकून पाहिलं. पाणी फिरत होतं, म्हणजे पंप बरा होता. गोपिका निंबाखाली स्टुलावर बसून एकेक गोष्ट मनात खोडत होती. झाकण नाही, पट्टा नाही, पंप नाही. प्रत्येक "नाही"सरशी तिला वाटे, आता उरलं ते मोठंच दुखणं असणार.

इंजिन तापल्यावर देवाजीने ते बंद केलं आणि रेडिएटरवर तळहात फिरवला. फिरवता फिरवता थांबला.

"इकडे या वहिनी. हात लावून पाहा. वरून चटका बसते अन् खालून?"

गोपिकाने हात लावला. "खालून तं गार आहे."

"गार आहे म्हणजे तिथं पाणीच पोचून नाही राहिलं. आतल्या नळ्या बुजल्या. इंजिनाचं काही बिघडलं नाही. साफ केलं का झालं. साठही नाही लागत."

गोपिकाने देवाला हात जोडले. घर राहिलं. मनोहरराव गेल्यापासून पहिल्यांदा तिला भूक लागल्यासारखं झालं.

गाडी निवल्यावर देवाजीने रेडिएटर उतरवून आडवा केला आणि खालचं बूच काढलं. पाणी आलं नाही. आधी काही नाहीच आलं. मग तार खुपसल्यावर घट्ट, पिवळा चिखल ओघळला. देवाजीने चटकन त्यावर पाय ओढून माती लोटली.

"जंग आहे," तो खाली पाहत म्हणाला. "जुन्या गाडीत राहतेच."

गोपिका वाकली. मातीतून बोटभर चिखल उचलून तिने नाकाशी नेला. मसाल्याचा डबा रोज उघडणाऱ्या बाईला कोणी काय फसवणार?

"जंगाले हळदीचा वास येते का, भाऊजी?"

देवाजीने तार खाली ठेवली. रेडिएटर पाझरला की ड्रायव्हर लोक त्यात चिमूटभर हळद टाकतात. जखमेवर दाबतो तशीच, आणि भोक बुजतं. मनोहररावांना ही हळद गोपिकाच द्यायची. दर सोमवारी भाकरीसोबत कागदाची पुडी. तेही ती काळ्या गाडीत ओतत म्हणायचे, "पी हळद अन् हो गोरी!" आणि दोघं हसायची. पाझर पुन्हा सुरू झाला तेव्हा पुडी मोठी झाली. दिवाळीनंतर एकदा ते म्हणाले होते, "दोन दिवस गाडी उभी करतो, झाळूनच घेतो." तेव्हा तीच म्हणाली होती, "हळदीनं भागते, तं काहून उभी करता गा?"

'अति तिथे माती' हे देवाजीच्या ओठांवर आलं होतं, ते त्याने गिळलं. "सगळेच टाकतात वहिनी. मीबी टाकतो. चिमूटभर."

"मी मूठभर देत होती," गोपिका म्हणाली.

आणि मग तिला रडू आवरलं नाही. तेरवीपर्यंत ती लोकांच्या रीतीने रडली होती. आज ती एकटी रडली. आपणच आपल्या हाताने माणसाला त्या विहिरीकडे धाडलं, हे तिला कोणी सांगायची गरज उरली नव्हती, आणि तसं नाही म्हणून समजावणाराही कोणी नव्हता. देवाजी नुसता पान्हा पुसत बसला. संध्याकाळी घरच्या नळावर तिने हात चारदा धुतले. बोटं पिवळीच राहिली. आता त्या हातांना कोणी हळद लावणार नव्हतं.

देवाजीने नळ्या सोड्याच्या पाण्याने धुतल्या, पाझरत्या जागी झाळ दिली आणि मजुरी घेतली नाही. एकूण खर्च अठरा रुपये. रविवारी भर दुपारी गाडी सावनेरला जाऊन आली. वाफेचा एक धागा निघाला नाही.

सोमवारी चंद्रभान आला. गाडी पुसली, उदबत्ती ओवाळली आणि दारातून आवाज दिला, "वहिनी, जराशी हळद देजा पुडीत. वाटेत असली म्हंजे बरं."

गोपिका स्वयंपाकघरात गेली. मसाल्याच्या डब्यातली एक वाटी त्या संध्याकाळपासून रिकामी होती. तिच्या घरचं वरण पांढरं शिजत होतं, आणि शेजारणींना ते दुखवट्याचं वाटत होतं. तिने मनोहररावांचा पाण्याचा डबा उचलला. शेजारी कालच मागून आणलेला दुसरा होता, तोही घेतला. दोन्ही नळावर काठोकाठ भरले आणि स्वतः नेऊन पुढच्या सीटखाली ठेवले.

"हळद नाही या घरात," ती म्हणाली. "पाणी ने बाबा. अन् संपलं तं उन्हात आणाले जाऊ नोको. गाडी उभी राहू दे."