उंबऱ्यावरचं मचूळ पाणी

विहिरीचं पाणी धरून ठेवतं.

मानपुरच्या सुलोचनामावशीचं हे वाक्य. वसुंधरानं ते परकरात असताना ऐकलं होतं, आणि कूलरच्या पोटात हात घातल्यावर तेच पहिलं आठवलं.

फेब्रुवारी सरत आला होता. कूलरची घास, म्हणजे जाळीतला वाळा, बदलायची म्हणून ती गच्चीवर गेली, मागची जाळी काढली, तर आत तीन बाटल्या. एक मुरंब्याची बरणी, दोन सॉसच्या. तिन्हींत पाणी. तिन्हींच्या गळ्याला काळा दोरा, आणि बरणीच्या दोऱ्याला ती चपटी गाठ, जी अख्ख्या मानपुरात एकच बाई घालते.

मुरंब्याच्या बरणीत तळाशी एक बटण होतं. तिच्या मुलाच्या, हृषीकेशच्या, निळ्या शर्टाचं. शिवलं तिनंच होतं, त्यामुळे शंकेला जागा नव्हती.

झाकण उघडून तिनं बोट बुडवलं, जिभेला लावलं. मचूळ. मावशीच्या परसातली विहीर. त्या पाण्याचा चहा कोणी पिणार नाही, पण वसुंधराच्या माहेरी लग्नाचा कलश त्याच पाण्यानं भरतात. हृषीकेशच्या लग्नातही मानपुरहून कॅन आला होता.

घरात बायका दोन. एक ती. दुसरी साताऱ्याहून आलेली, कॉलेजात शिकवणारी, हळू बोलणारी सून, अनुश्री.

वसुंधरानं बरणी जिथल्या तिथं ठेवली आणि जाळी लावली. घास तशीच राहिली.

गारांचं पाणी राग विझवतं. दवाचं मन मऊ करतं.

बाकीच्या दोन बाटल्या ओळखायला चव घ्यावी लागली नाही. मागच्या आठवड्यात गारा पडल्या तेव्हा सूनबाई स्टीलचं पातेलं घेऊन अंगणात धावली होती. लहान पोरीसारखी. वसुंधरा तेव्हा हसली होती. आता ते हसू तिला स्वतःच्या तोंडावर मारल्यासारखं वाटलं. आणि पहाटे गच्चीवर कुंड्यांवरून ओढणी फिरवून ती पिळत काय होती? धूळ पुसते म्हणाली होती. धूळ पुसून कोणी वाटीत पिळतं का?

कोणाला धरायचं?

हृषीकेशला. बटण त्याचं.

कोणापासून?

याचं उत्तर वसुंधराला सापडायला वेळ लागला नाही. पंधरवड्यापूर्वी बंद दाराआडून तिनं हृषीकेशला फोनवर ऐकलं होतं. पुण्यातली जागा, डिपॉझिट, वन आरके चालेल, सामान फार नाही. विचारल्यावर ऑफिसातल्या मित्राचं काम म्हणाला. तो खोटं बोलताना कान चोळतो. तेव्हाही चोळत होता.

म्हणजे दोघं जाणार. इंदूरच्या बड्या गणपतीजवळच्या या घरात नवरा गेल्यापासून जे एक माणूस तिचं म्हणून उरलं होतं, ते पाण्यात बुडवून, दोरा बांधून नेलं जाणार. आणि दोरा बांधून दिला कोणी? तिच्याच मावशीनं.

तिनं मानपुरला फोन लावला. इकडचं तिकडचं झाल्यावर आडून विचारलं, की आमची अनुश्री आली होती का तिकडे.

"आली होती. पोहे खाऊन गेली."

पाणी दिलंस का तिला, असं मग सरळच विचारावं लागलं.

"मांगा तो दिया. विहीर माझी आहे, तुझ्या बापाची नाही. कशाला पाहिजे हे मी तुला तरी कधी विचारलं होतं का, वसू?"

वसुंधरानं फोन ठेवला. देणारी विचारत नाही, हा नियमच होता, आणि तिनंही एके काळी त्याचा फायदा घेतला होता.

नर्मदा कोणाला धरत नाही.

इंदुरात नळाला पाणी आलं असं कोणी म्हणत नाही. नर्मदा आली म्हणतात. गल्लीत आरोळी उठते, "नर्मदा आ गई", आणि घरोघरी मोटरी सुरू होतात. डोंगर चढून, पाइपातून, क्लोरीन खाऊन आली तरी ती नर्मदाच. आणि नर्मदा कुंवारी. लग्न मोडलं तशी पाठ फिरवून पश्चिमेला निघाली, ती परत वळली नाही. म्हणून मावशी सांगायची, की पापं धुवा, शेतं भिजवा, पण नवराबायकोच्या कामाला नर्मदेचा थेंब लावू नका. गाठ सुटते.

त्या दिवशी नर्मदा आली तेव्हा अनुश्री कॉलेजात होती. वसुंधरानं मुरंब्याची बरणी मोरीत रिकामी केली, नळाखाली धरली, बटण परत आत टाकलं. गाठ तिलाही येत होती. मावशीइतकी चपटी नाही बसली, पण बसली.

हात पुसताना तिला वाटलं, मी काही वाईट केलं नाही. फक्त पाणी बदललं.

उंबऱ्यावर, एकदा

सोमवारी सकाळी हृषीकेश बूट घालत होता. अनुश्री बरणी पदराआड धरून दारात आली, वाकली, उंबऱ्यावर पाणी ओतलं. हृषीकेश ओला उंबरा ओलांडून गेला. वसुंधरा स्वयंपाकघराच्या दाराआडून बघत होती.

उंबऱ्यावर, तोच सोमवार, पुन्हा

अनुश्री वाकली. झाकण उघडलं. थांबली. बरणी नाकाशी नेली. मग मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं, सरळ, जिथं वसुंधरा उभी होती तिथंच. आणि मग ओतलं.

ते थांबणं वसुंधरानं पाहिलं होतं. त्याचा अर्थ लावायचा तिला धीर झाला नाही.

पोहे

रविवारी हृषीकेशनं पोहे आणले, जिलबी आणली, आणि जिलबीचा पाक बोटावरून पुसत सांगून टाकलं. पुण्याला नोकरी लागली आहे. शनिवारी निघतोय. एकटाच. अनु इथंच राहील, किंवा साताऱ्याला, तिला हवं तिथं. काही दिवस एकटं राहून बघायचं आहे.

या वेळी तो कान चोळत नव्हता.

वसुंधरानं सुनेकडे पाहिलं. अनुश्री शेव वेचून खात होती. तिच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. म्हणजे हे तिला ठाऊक होतं. गारांच्या आधीपासून, दवाच्या आधीपासून. वन आरके. सामान फार नाही. एका माणसाचं सामान.

वसुंधराच्या हातातला चमचा तसाच राहिला. धरून ठेवणारं पाणी तिनं आपल्या हातानं मोरीत सोडलं होतं.

क्लोरीन

हृषीकेश बॅग आणायला बाजारात गेला, तेव्हा दोघी ताटं घासत होत्या. वसुंधराला राहवलं नाही. बरणीचा विषय तिनं काढला नाही, फक्त विचारलं, सोमवारी दारात थांबली का होतीस.

"वास आला. विहिरीच्या पाण्याला क्लोरीनचा वास नसतो, आई."

नळ वाहत होता. दोघींनी त्याच्याकडे बघितलं नाही.

"कळलं होतं, तर ओतलं कशाला?"

"उंबरा तुमचा आहे," अनुश्री म्हणाली. "मला वाटलं, ह्या घरात मी राहू नये असं तुम्हालाच वाटतंय. तुमच्या पाण्यावर माझं पाणी कशाला ओतू?"

मला वाटलं, तू त्याला नेतेयस, असं वसुंधराच्या ओठांवर आलं. पण बोलायचं तर सगळंच बोलावं लागलं असतं. तिनं ताट पालथं घातलं. सुनेनं ते उचलून पुन्हा धुतलं, आणि वसुंधराला कळेना, ते खरकटं राहिलं होतं की आपण हात लावलेलं आता ही पुन्हा धुणार.

विहिरीचं, परत

हृषीकेश शनिवारी गेला. त्याच्यासाठी दुसरं पाणी आणून काही होणार नव्हतं. एका माणसाला मावशी दुसऱ्यांदा पाणी देत नाही.

सोमवारी वसुंधरा मानपुरच्या बसनं निघाली. मावशीनं पोहे केले, विहिरीवर नेलं, पोहरा सोडला. बरणी भरताना तिनं आत काय आहे ते पाहिलं. बटण नव्हतं. बाईच्या केसांना लावायची तपकिरी क्लिप होती, एक दात तुटलेली. मावशीनं भुवई वर केली, पण देणारी विचारत नाही. गाठ घालून दिली, चपटी.

मंगळवारी अनुश्री कॉलेजला निघाली तेव्हा उंबरा ओला होता.

तिनं पर्स खांद्यावरून काढली. खाली बसली. बोट टेकवून जिभेला लावलं. दाराआड वसुंधरा श्वास धरून उभी. ही कुठलं पाणी ओळखतेय? धरणारं की सोडणारं? आणि ओळखलं तरी, ते कोणी ओतलं हे कळल्यावर विश्वास ठेवेल का?

अनुश्री बराच वेळ उंबऱ्याच्या आतच बसून राहिली.

"आई," तिनं मागं न बघता विचारलं, "ह्यात माझी क्लिप आहे का?"