बनाबाईनं भरलेली सॅक

बनाबाई गोठ्यात शेण भरत होती, पण सारं लक्ष अंगणात. अंगणात तिची रोहिणी पाठीवर सॅक घेऊन फेऱ्या मारत होती आणि दर फेरीला डावीकडं कलंडत होती. ते बघून बनाबाईला बरं वाटत होतं. आईला असं वाटावं, ही काही चारचौघांत सांगायची गोष्ट नव्हे. पण वाटत होतं खरं.

रोहिणी बारामतीच्या कॉलेजात. कॉलेजची पोरंपोरी राजस्थानच्या वाळवंटात आठ दिवस तंबू ठोकून राहणार होती. रोज चालायचं, आपलं सामान आपणच वाहायचं. त्याची परीक्षा आज दुपारी होती: भरल्या सॅकनिशी मैदानाला दहा फेऱ्या. जमलं नाही की नाव कटाप. नवरा दत्तोबा केव्हाच हो म्हणून मोकळा झाला होता, त्यामुळं बनाबाईची सारी भिस्त आता त्या सॅकवर होती.

लग्नानंतरची सतरा वर्षं तिनं मेंढरांमागं काढली होती. दिवाळी सरली की घोडीवर संसार लादायचा आणि वडगाव सोडून कोकणची वाट धरायची. चूल उघड्यावर, बाळंतपणही उघड्यावर. पुढं मेंढरं विकली, ऊस लावला, डोक्यावर स्लॅब आला. आणि आता ह्या बयेला उघड्यावर निजायची हौस! सुखाचा जीव दुःखात घालायचा, दुसरं काय?

चौथ्या फेरीला रोहिणी तोंडावर आपटली. गुडघा फुटला. रक्त ओढणीनं पुसून ती उठली आणि पुन्हा चालायला लागली.

बनाबाईनं शेणाची पाटी आदळली, घमेल्यात हात धुतले आणि तरातरा पुढं आली.

"थांब गं, शहाणे! वझं असं लादत्यात व्हय? जनावर आसतं तर लाथ घातली आसती."

तिनं सॅक उपडी केली. पाण्याचा कॅन एका बगलेला कोंबलेला, तांदूळ-डाळ पार बाहेरच्या कप्प्यात, पांघरूण पाठीशी. बनाबाईनं कपाळाला हात लावला.

"जड त्ये पाठीला चिटकून, हालकं भाईर. आन दोनी बाजू तोलात. हितं पट्टा आवळ."

हात भराभर चालले. सतरा वर्षं घोडी भरलेल्या त्या हातांना काही विचारावं लागलं नाही. आपणच पोरीला वाटेला लावतोय, हे तिला शेवटची गाठ मारताना कळलं.

संध्याकाळच्या एसटीनं रोहिणी परतली ती हसतच. दहाच्या दहा फेऱ्या! बनाबाईच्या छातीत अभिमान दाटला, भीतीही तेवढीच दाटली. मग तिला राहवेना.

"रोहिणे, सकाळी मी मुद्दाम गप बसले हुते. तू पडावंस, नाव कटावं, आसंच वाटत हुतं मला."

"मला ठावं हुतं, आये."

"आन तरी माज्याच म्होरं पडत बसलीस?"

"घरामागं मोकळं रान हाय की फेऱ्या मारायला. पर तितं तू न्हवतीस."