साखरबाईच्या काळजाचा पाटकरी

बालमित्रांनो, मी एक जुना पाटकरी आहे. कालव्यावर पाणी सोडणारा नाही, मांडवगण फराटा गावच्या साखरबाईच्या काळजाला रक्त पोचवणाऱ्या नळीतला. डॉक्टर लोक मला रिसेप्टर म्हणतात. मी छाती ठोकून सांगायचो, 'मी आहे तोवर ही नळी तुंबायची नाही!' मला छातीच नाही, हे बोलण्याच्या भरात ध्यानात राहायचं नाही.

माझं काम सोपं होतं. साखरबाईच्या पोटात, गर्भपिशवीच्या दोन्ही बाजूंना, बदामाएवढी दोन अंडाशयं होती. तिथून इस्ट्रोजेन नावाचा निरोप रक्तातून वाहत यायचा. तो मी झेलायचा आणि नळीच्या अस्तराला हाळी द्यायची, 'सैल हो!' नळी सैल व्हायची, रक्त खळाळत जायचं. चरबीला बूड टेकायला जागा मिळायची नाही. तसं माझ्यासारख्याचं आयुष्य काही तासांचंच. पण कारखान्यात बापाच्या जागी पोरगं चिकटतं तसं आमचं. एक गेला की त्याच जागी दुसरा. म्हणून मी स्वतःला जुना म्हणवतो.

वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन साखरबाई चढ चढायची, तेव्हा बाया म्हणायच्या, "हिचं काळीज म्हंजी इंजान हाय बाई!"

कौतुक इंजिनाचं. पाटकऱ्याला कोण विचारतं?

सन चौऱ्याण्णव. साखरबाई चौतीस वर्षांची. अंगावरून फार जायला लागलं. डॉक्टर म्हणाले, पिशवी काढू. तिचा नवरा हौसराव शहाणा माणूस. तो म्हणाला, "सायेब, हिरीतली मोटार वर काढलीच, तर पाईप बी काढून घ्या. सारखं सारखं पोट कोण उघडणार?"

डॉक्टरांना हिशेब पटला. पिशवीबरोबर चांगली धडधाकट अंडाशयंही बादलीत गेली. साखरबाईला कुणी विचारलं नाही. ती भुलीत होती. पण त्याआधी दोन दिवस जागीच होती की!

दुसऱ्या दिवशी निरोप आला नाही. तिसऱ्या दिवशी आला नाही. मी हात पसरून बसलो. नऊ वर्षं बसलो, मित्रांनो. कधीतरी कुठून चुकार थेंब यायचा, तेवढंच. अस्तर राठ झालं. चरबी पाहुण्यासारखी आली आणि जावयासारखी बसली. मला सगळं दिसत होतं. पण निरोपाशिवाय मला हाळी देता येत नाही.

साखरबाईला दम लागायचा. जबडा दुखायचा. घरात एकच उत्तर ठरलेलं, "पिशवी काढल्यावर व्हतंच तसं." कारण घरात हार्टचा पेशंट एकच होता, तो म्हणजे हौसराव. वांग्याचं भरीत खाल्लं की त्याची छाती भरायची. मग साखरबाईनं, स्वतःला धाप लागलेली असताना, त्याची पाठ चोळायची.

आज सकाळी शेजारची जन्नतबी बांगड्या भरायला आली. डाव्या हातात सहा चढल्या आणि ती थबकली.

"साखरे, हात बर्फावानी गार कसा गं? आन् घाम कसला एवढा?"

"पाठीत कळ मारतीया."

"ऊठ. दवाखान्यात चल."

"खुळी हाय का तू? एक हात मोकळा ठिवून उठू? धन्याला अपशकुन!"

"अपशकुन गेला चुलीत!" जन्नतबी ओरडली. पण साखरबाईनं उजवा हात पुढं केलाच. सहा बांगड्या भरेस्तोवर अर्धा तास गेला, कारण घामेजलेला हात निसटत होता आणि दोन फुटल्या.

मग जन्नतबीनं जीप बोलावली. साखरबाईचा पांढराफटक चेहरा बघून हौसरावाच्याच छातीत धडधडायला लागलं. तो पुढच्या सीटवर बसला. शिरूरच्या दवाखान्यात पोचल्यावर तो जीपमधून उतरला छाती धरून, आणि साखरबाई उतरली त्याची पिशवी धरून. नर्सनं पेशंट बरोबर ओळखला. त्याला आत नेलं. ईसीजीचं मशीन एकच होतं. त्याच्या तारा हौसरावाच्या छातीला लागल्या.

"अहो, पेशंट ही हाय, ही!" जन्नतबीनं सांगितलं.

"मावशी, आधी केसपेपर काढा," खिडकीतला माणूस म्हणाला. जन्नतबी रांगेत उभी राहिली.

मी हे सांगतोय ते दवाखान्याच्या बाकड्यावर बसलेल्या साखरबाईच्या आतून. नळी जवळजवळ बंद झालीय. पलीकडं काळीज पाण्यावाचून तडफडतंय आणि मी पाटावर हात पसरून बसलोय. मित्रांनो, तुम्ही लहान आहात, पण एवढं करा. घरातली बाई दम लागतो म्हणाली, तर तिला बसवा आणि दवाखान्यात न्या. तिचा दम म्हणजे वय नव्हे, आळस नव्हे. आणि कुणी तिच्या पोटातलं काही काढायला निघालं, तर काय काढता, कशासाठी काढता, हे तिच्यादेखत विचारा. आतला प्रत्येक जीव कुणाची तरी वाट बघत असतो.

पडदा सरकला. डॉक्टर हातातला कागदाचा पट्टा बघत हसत बाहेर आले. "मावशी, पेशंटचं काळीज ठणठणीत आहे. काही काळजी करू नका."

बाकड्यावर साखरबाईची मान कलली होती, हौसरावाची पिशवी तिच्या हातातून खाली घसरली होती. मावशींना कमी ऐकू येतं असं डॉक्टरांना वाटलं. म्हणून त्यांनी तेच वाक्य पुन्हा एकदा, मोठ्यानं सांगितलं.