साडेपाचचा हुकूम

वैजयंतीबाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या, तशी सोलापूरच्या हौशी रेडिओवाल्यांनी नवी पेठेतल्या गच्चीवरच्या रिपीटरची जबाबदारी त्यांच्या गळ्यात घातली. लहानशा वायरलेस सेटचा आवाज पकडून तो लांबवर पोचवणारं हे यंत्र. उजनी धरणातून पाणी सुटलं आणि मोबाइल बंद पडले, की भीमेकाठच्या गावांची भिस्त त्याच्यावरच. ते चालू-बंद करायला गच्चीवर जावं लागत नसे. सेटवरची चार बटणं ठरल्याप्रमाणे दाबली, की त्यांचे सूर ऐकून रिपीटरमधला कंट्रोलर हुकूम पाळायचा.

ऑगस्टात रिपीटर रोज संध्याकाळी साडेपाचला बंद पडू लागला.

बाईंनी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या बसवेशला बोलावलं. त्यानं सगळं उघडून पाहिलं. "बाई, बिघाड काय बी न्हाय. कुणीतरी हुकूम देतंय."

दुसऱ्या दिवशी दोघांनी ते सूर टिपून घेतले. तीन सूर सलग, मग श्वासभर शांतता, मग चौथा.

"ह्यो तर रावजी मास्तरांचा हात!"

बाईंनीही तो ओळखला होता. रिपीटर उभारला तो मास्तरांनीच. अपघातात त्यांचा उजवा अंगठा ताठला होता, शेवटचं बटण नेहमी उशिरा लागायचं. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

बाईंनी वेळ घालवला नाही. घरी जाऊन सेटवरूनच चार बटणांचा नवा आकडा बसवला. कुणाला सांगितला नाही, कागदावर लिहिला नाही. दुसऱ्या दिवशी साडेपाचला नेमका तोच आकडा वाजला, त्याच चालीत, आणि रिपीटर मुका झाला.

बसवेशनं दिशा दाखवणारा अँटेना आणला आणि दोघं रिक्षातून सुरांचा माग काढू लागले. सूर जेमतेम दोन-तीन सेकंदांचे, त्यामुळे रोज एखादंच वळण कळायचं. चौथ्या दिवशी रिक्षा थांबली ती मास्तरांच्याच दारात.

आत त्यांच्या पत्नी, वच्छलाकाकू, मांडीवर जुना सेट घेऊन बसल्या होत्या. त्यांची दृष्टी कधीच गेली होती.

"ये गं वैजयंती. पावलं ओळखली मी."

"काकू, नवा आकडा तुम्हाला कुणी सांगितला?"

"तूच की. त्या दिवशी तू वाजवलास, तो या सेटवर ऐकला मी. तीस वर्षं ऐकतेय. कुठल्या बटणाचा कुठला सूर, सगळं कानात बसलंय."

बाईंनी कपाळाला हात लावला. रिपीटर आपलं काम चोख करत होता. त्यांचा गुप्त हुकूमही त्यानं गावभर ऐकवला होता.

"पण बंद कशाला करता?"

"हे सांगतात. दिवेलागणीआधी यंत्राला निजवावं म्हणून."

"आणि चौथ्या बटणाआधी थांबता का?"

काकूंनी आपली सडपातळ बोटं सहज मिटली, उघडली. "मी कुठं थांबते? यांचा अंगठा थांबतो."

बसवेश बाहेर जाऊन चपला घालू लागला.

काकूंच्या हातून सेट काढून घ्यायचं बाईंच्या जिवावर आलं. त्या तशाच गच्चीवर गेल्या. हवेतून आलेला कुठलाच हुकूम कंट्रोलरनं मानायचा नाही, बटणांचे सूर पुढे जाऊ द्यायचे नाहीत, अशी सोय त्यांनी केली. यापुढे हुकूम फक्त तारेवरून, तोही कुलपाआडच्या खटक्यानं.

तिसऱ्याच दिवशी धरणातून पाणी सुटलं. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास नदीकाठच्या बाळासोचा आवाज आला, "पानी देवळाच्या पायरीला लागलंय! चालता न येनारी सात मान्सं हायती हितं. ट्रॅक्टर धाडा!"

बाई रिपीटरच्या खोलीतच होत्या. बटणाचा सूर आला की लागणारा कंट्रोलरवरचा लाल दिवा लुकलुकला. तीनदा. मग थांबून चौथ्यांदा. बाईंनी डोळे मिटून घेतले.

"ऐकू येतंय का?" बाळासो विचारत होता. "येतंय, बोला," शेजारच्या गावातून उत्तर आलं.

अंधार पडायच्या आत सातही जण शाळेत पोचले. तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. काकू होत्या.

"वैजयंती, हे आज फार चिडलेत गं. विचारतायत, आतून कडी कुणी घातली?"

"मी घातली, काकू. त्यांना सांगा, नदीला पाणी आलंय. माणसं काढायची होती."

काकूंनी फोन बाजूला धरून ते तसंच सांगितलं.

"बरं म्हणतायत," काकू म्हणाल्या.