एकदाही न मोडलेला पूल

खुर्च्यांच्या कारखान्यात तो तपासनीस होता. नव्या घडणीची खुर्ची आली, की ती मोडेपर्यंत तिच्यावर वजन आदळायचं आणि कुठे मोडली, का मोडली, हे लिहून काढायचं, हे त्याचं रोजचं काम. मोडतोडीवर पोट भरणारा माणूस! पण घरी लेकीच्या हातून काही बिघडलेलं त्याला बघवत नसे.

लेक दुसरीत. एका जागी बसणं ठाऊक नाही म्हणून घरात सगळे तिला खारूताई म्हणत. बाईंनी वर्गाला काम दिलं होतं: वहीच्या कागदांचा पूल करायचा, पुस्तकांच्या दोन गठ्ठ्यांवर ठेवायचा आणि तो किती गोट्या पेलतो ते बघायचं. चार दिवस खारूताई हात धुऊन त्यामागे लागली होती. सपाट कागद तीन गोट्यांतच वाकला. मग तिने त्याला पंख्यासारख्या घड्या घातल्या. अकरा गोट्या! बाराव्या गोटीला तोही मधोमध खचला. मोडलेला प्रत्येक पूल ती बुटांच्या खोक्यात जपून ठेवत होती.

रविवारी दुपारी ती आईबरोबर मावशीकडे गेली आणि बापाची नजर टेबलावरच्या पसाऱ्यावर पडली. डिंकाचे ओघळ, वाकड्यातिकड्या घड्या. "उद्या चारचौघांत हसं होईल पोरीचं," तो पुटपुटला. दोन तासांत त्याने पट्टीने आखून, सरळ घड्या घालून देखणा पूल उभा केला. टेबल आवरताना खोकंही कचऱ्यात गेलं.

घरी आल्यावर खारूताईने तो पूल पाहिला, खोक्याची रिकामी जागा पाहिली. मग हळूच म्हणाली, "बाबा, माझे हात चांगले नाहीत का?"

"अगं, तसं नाही गं! मी थोडी मदत केली, एवढंच." तो हसला खरा, पण ते हसू त्याचं त्यालाच टोचलं.

सोमवारी शाळेत पालकांनाही बोलावलं होतं. पुलाने चाळीस गोट्या पेलल्या. टाळ्या पडल्या. बाई म्हणाल्या, "छान! आता आधीचे मोडलेले पूल दाखव बघू. कुठे मोडले आणि तू काय बदललंस?"

खारूताईने बापाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "माझा पूल एकदाही मोडला नाही, बाई."

पोर त्याला सांभाळून घेण्यासाठी खोटं बोलली होती! आणि तो? तो सगळ्यांसमोर गप्प उभा राहिला.

मधल्या सुट्टीत त्याने बाईंना गाठलं. "बाई, पूल मी केलाय. तिचे होते ते मी फेकून दिले."

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुमच्या कारखान्यात खुर्ची मोडली की ती लपवता का हो?"

"छे! मोडल्याशिवाय कच्ची जागा कळणार कशी? नाहीतर उद्या एखादा माणूस पडेल..."

बाई म्हणाल्या, "मोठमोठे इंजिनियर तरी दुसरं काय करतात? करून बघतात, मोडतं, कारण शोधतात, एक गोष्ट बदलतात, पुन्हा करतात. सात वर्षांच्या पोरांना हे फळ्यावर लिहून समजत नाही. ते त्यांच्या हातांना कळावं लागतं. तुम्ही कागद नाही फेकलेत, तिची चार दिवसांची विद्या फेकलीत. आणि माफी मागायचीच असेल, तर ती माझी नका मागू."

सुट्टी संपल्यावर तो लेकीच्या बाकाजवळ गुडघ्यांवर बसला आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाला, "हा पूल माझा आहे. हिचे पूल मी न विचारता टाकून दिले. माझं चुकलं, खारूताई."

मागून एक चिमुरडी ठसक्यात म्हणाली, "बाबांनी करायचाच नसतो!" वर्ग खिदळला. खारूताई मात्र हसली नाही. तिने फक्त त्याचं बोट धरलं, आणि त्या इवल्या मुठीने त्याला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी ती पुन्हा कागद घेऊन बसली. एकोणीस गोट्यांना पूल कोसळला, गोट्या कपाटाखाली पळाल्या. त्याचा हात आपोआप पुढे गेला. त्याने तो मागे घेतला. "कुठे मोडला गं?"

"इथे. डिंक ओला होता," ती म्हणाली आणि तिथे पेन्सिलीने फुली मारली. "आता वाळू देते. बाकी सगळं तसंच ठेवते."

पालकहो, मुलांचं हसं होऊ नये म्हणून आपण त्यांचं काम हातातून काढून घेतो आणि त्यालाच माया म्हणतो. त्यांचे पूल मोडू द्या. मोडलेलं काम पुन्हा उभं राहतं. 'मला जमत नाही' ही समजूत एकदा मनात बसली, की ती काढता काढता अख्खं आयुष्य जातं!