कॉलरताईंचं सरावाचं कुलूप

सन एकोणीसशे चौऱ्याऐंशी, फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. थंडी सरत आली होती. त्या आठवड्यात माझं अंग ओतलं गेलं, घासलं गेलं आणि मी जगात आलो. मी पितळी कुलूप बोलतोय. पत्र्याचं नव्हे.

माझ्या पोटात काय आहे ते आधी सांगतो, पुढचं सगळं त्यावर आहे. किल्लीच्या भोकावर पाच बारीक नळ्या आहेत. प्रत्येक नळीत पिनांची एक जोडी आणि वर स्प्रिंग. बरोबर किल्ली आत गेली की पाचही जोड्या नेमक्या उंचीवर येतात आणि मधला दांडा फिरतो. चुकीची किल्ली गेली की नाही फिरत. एवढीच माझी अक्कल. पण ती मी चोख वापरली.

एकोणीस वर्षं एका सुताच्या गोदामावर होतो. तिथला पहारेकरी रोज संध्याकाळी मला लावायचा, तीनदा ओढून बघायचा, फाटकापर्यंत जायचा आणि परत येऊन चौथ्यांदा ओढायचा. माणसाचा कुलपावर विश्वास असतो, स्वतःच्या हातावर नसतो. हे मी तिथे शिकलो.

गोदाम बंद पडलं. किल्ल्या कुणी कुठे टाकल्या कुणास ठाऊक. मी भंगाराच्या पाटीतून किल्ल्या बनवणाऱ्या एका काकांच्या दुकानात आलो. दुकान म्हणजे दोन पायऱ्या, एक फळी, किल्ली घट्ट धरायचा एक शेगडा आणि भिंतभर किल्ल्या. काकांनी मला उलटसुलट केलं, म्हणाले, "चांगलं आहे," आणि खणात टाकलं. आठ वर्षं तिथे पडून होतो. काका कमी बोलायचे. कुणाचं कुलूप उघडायचं असेल तर आधी विचारायचे, "घर तुमचंच ना? शेजारी ओळखतात?" गिऱ्हाईक चिडलं तरी विचारायचेच. आणि "चुकलो" हा शब्द त्यांच्या तोंडून त्या आठ वर्षांत मी एकदाही ऐकला नाही.

मग कॉलरताई आल्या.

शर्टांच्या कारखान्यात त्या कॉलर शिवायच्या, म्हणून हे नाव. बावीस वर्षं एकच काम. जिन्यावरून घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण दोन बोटं ऐकेनात. कॉलरचं टोक उलटवायला तीच दोन बोटं लागतात. मालकांनी सांगून टाकलं होतं, "दोन महिने थांबतो, तोवर बटणं मोजा. हात आला तर मशीन तुमचं. नाही आला तर घड्या घालायला बसा." घड्या घालणाऱ्यांचं टेबल दाराशी होतं. तिथे बसलेली बाई पुन्हा मशीनवर आली, असं त्या कारखान्यात कधी झालं नव्हतं.

ताई कपाटाची किल्ली करून घ्यायला आल्या होत्या. काका एक कुलूप किल्लीविना, टोक वळवलेल्या बारीक तारेच्या आकड्याने उघडत होते. ताई बघतच राहिल्या.

"काका, हे मला शिकवा."

"का? कुणाचं घर फोडायचंय?"

"डॉक्टरांनी बोटं हलवायला रबरी चेंडू दिलाय. तो दाबून दाबून डोकं उठलं. हे बघताना वेळ कसा गेला कळलं नाही."

"हे भरतकाम नव्हे, बाई."

"भरतकाम जमत असतं तर तुमच्या दारात उभी राहिले असते का?"

काकांनी आकडा खाली ठेवला. "दोन गोष्टी कबूल कर. एक, जे कुलूप तुझं नाही त्याला हात लावायचा नाही. दोन, जे कुलूप वापरात आहे त्याला तर मुळीच नाही, मग ते तुझं असो, मालकाने हो म्हटलेलं असो."

"पहिलं कळलं. दुसरं का?"

"शिकाऊ हाताने कुलूप बिघडतं. आणि बिघडतं ते नेमकं दार बंद असताना."

"कबूल."

"शब्द दिलास. फी नको."

त्यांनी खण उघडून मला बाहेर काढलं. तळाचा स्क्रू फिरवला आणि माझ्या पाच जोड्यांतल्या चार काढून डबीत ठेवल्या. एका पिनेवर मी कुलूप कसला? मला फार कमीपणा वाटला. पण शिकवण्याची ती रीत आहे. आधी एक पिन, मग दोन, मग तीन. एकदम पाचांवर बसलेला माणूस दोन दिवसांत कंटाळतो.

दांड्यावर ताण द्यायला काकांनी एक लोखंडी पट्टी दिली. ताईंनी ती भोकात घातली आणि असा जोर दिला की पट्टी वाकली.

"काय रहाट ओढतेस का? दोरा ओवून झाल्यावर शेवटचं टोक ओढतेस ना, तेवढाच ताण. पट्टीने हलका ताण ठेव, आकड्याने पिन वर सार, आणि ऐक."

"कानाने?"

"बोटाने."

तिसऱ्या दिवशी मी उघडलो. किल्लीविना. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. माझा अभिमान गेला असं वाटलं होतं, पण ताईंचं तोंड बघून ते दुःख फार टिकलं नाही.

घरी सासूबाई सोफ्यावर बसून बघायच्या. "सूनबाई, पहिला दरोडा कुठे? मला आधी सांगा, माझे दागिने कुठे ठेवू ते."

"तुमच्या दागिन्यांच्या डब्याची किल्ली तर तुमच्याच गळ्यात असते, आई."

"म्हणून तर विचारते."

चौथ्या आठवड्यात मी तीन पिनांवर आलो, सहाव्यात चारांवर. दोन बोटं हळूहळू ऐकू लागली. ताई मला डब्याच्या पिशवीत घालून कारखान्यात न्यायच्या आणि जेवणाच्या सुट्टीत उघडायच्या. चौदा जणी भोवती जमायच्या. ताईंना तो मान आवडू लागला. तिथेच घोटाळा झाला.

एका सकाळी मालक दोऱ्याच्या कपाटाची किल्ली घरी विसरून आले. कपाट बंद, दोरा आत, चौदा मशीन थांबलेली.

"कॉलरताई, तुमची विद्या दाखवा की," कुणीतरी म्हणालं. मालकही म्हणाले, "बघा जमतंय का."

मी पिशवीत होतो. ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो.

ताईंनी पट्टी घातली, आकडा घातला. चार मिनिटांत दांडा फिरला. टाळ्या पडल्या. पण मी पाव फेरीत उघडणारा. ते कपाट पूर्ण फेरी मागणारं. ताई फिरवत गेल्या. अर्ध्या फेरीला किल्लीचं भोक उलटं होऊन नेमकं नळ्यांखाली आलं आणि वरच्या पिना स्प्रिंगांसकट त्यात उतरल्या. दांडा अडकला. ना पुढे, ना मागे. आता खुद्द किल्ली आली असती तरी आत गेली नसती. ही चूक शिकाऊ माणूसच करतो, आणि तीही थोडं जमायला लागल्यावर.

दुपारपर्यंत काम बंद. शेवटी काकांना बोलावलं. त्यांनी एकदा कपाटाकडे बघितलं, एकदा ताईंकडे. एक पातळ पट्टी आत सरकवली, उतरलेल्या पिना परत वर ढकलल्या, तशाच धरून दांडा पुढे नेला. कपाट उघडलं.

मालकांचा पारा चढलेला होता. "अर्धा दिवस गेला माझा! कॉलरताई, उद्यापासून घड्या घालायला बसा."

काका म्हणाले, "त्यांना कशाला बोलता? अर्ध्या फेरीला पट्टी लावायची असते, ते मी शिकवलं नाही. शिकवणारा चुकला. मी चुकलो."

चौदा जणींसमोर म्हणाले. ताई मान खाली घालून उभ्या होत्या. मशीन वाचलं, मुदतही तशीच राहिली. पण मालकांनी त्याच दिवशी ठरवलं की कारखान्याची कुलपं, जी इतकी वर्षं काका बघायचे, ती आता दुसऱ्याकडे जातील. म्हाताऱ्याचा हात गेला, असं बाजारात पसरायला आठवडा लागला नाही. पंचेचाळीस वर्षांचं नाव होतं ते.

ताई दुकानात गेल्या. "काका, हे ओझं मी कसं उतरवू?"

"सराव कर," काका म्हणाले. त्यांनी माझी पाचवी जोडी बसवून दिली आणि फळीवरचं काम ओढलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

वाचणाऱ्याला माझं एकच सांगणं आहे. हा छंद चांगला आहे. हात स्थिर होतो, डोकं शांत होतं. पण माझ्यासारखं एखादं जुनं, रिकामं कुलूप घ्या आणि त्याच्यावरच हात चालवा. लागलेल्या कुलपामागे कुणाचं तरी काहीतरी असतं. मी आता ताईंच्या घरी शिवणाच्या टेबलावर असतो, भोकाच्या कडांना ओरखडे आहेत, कशाचीही राखण करत नाही. तक्रार नाही. आता राहिलेलं सांगतो आणि थांबतो.

मुदतीचा शनिवार आला. मालकांनी सहा कॉलर शिवायला दिल्या. ताईंनी शिवल्या, टोकं उलटवली. मालकांनी एकेक टोक बोटाने दाबून बघितलं. "सरळ आहेत. सोमवारपासून मशीन तुमचं."

ताई जागच्या हलल्या नाहीत. "शेठ, एक राहिलंय. त्या दिवशी काका चुकले नव्हते."

मशीन एकेक करून थांबली.

"वापरातल्या कुलपाला हात लावू नकोस, असं त्यांनी मला बजावलं होतं. मी शब्द दिला होता. तो मी मोडला. त्यांनी माझ्यासाठी स्वतःवर घेतलं."

"मग त्याच दिवशी का नाही बोललात?"

"मशीन जाईल म्हणून."

"आणि आता जाणार नाही?"

"गेलं तर गेलं. घड्या घालीन."

मालकांनी हातातली कॉलर पुन्हा उलटून बघितली. मग म्हणाले, "सोमवारी मशीनवर बसा. आणि माझ्या कपाटांपासून चार हात लांब राहा." कुणीतरी फिस्सकन हसलं, तशी मशीन सुरू झाली.

सोमवारी संध्याकाळी ताई मला घेऊन काकांकडे गेल्या. पायरीवर कारखान्याचा शिपाई आधीच उभा होता. त्याने फळीवर सात कुलपं ठेवली.

"शेठनी पाठवलीत. म्हणाले, पूर्वीसारखं तुम्हीच बघा. ताईंनी सगळ्यांसमोर खरं काय ते सांगितलं."

काकांनी कुलपं मोजली. "गुरुवारी ने."

शिपाई गेला. काकांनी स्टूल पायाने ताईंकडे सरकवलं.

"बस. पट्टी काढ."