चार दिवसांची नोंद

बेपत्ता माणसांच्या नोंदी ठेवणाऱ्या त्या कार्यालयात ताई एकोणीस वर्षं कामाला होती. सगळे तिला ताईच म्हणत, साहेबसुद्धा. नऊ वर्षांपूर्वी तिचा धाकटा भाऊ काम शोधायला म्हणून घराबाहेर पडला तो पडलाच. त्याचा अर्ज तिनं स्वतः टाइप केला होता. तेव्हापासून दर महिन्याला ती आपल्या संगणकावर त्याला शोधायची, पण त्या प्रोग्राममध्ये दप्तर होतं ते फक्त त्यांच्या जिल्ह्याचं. बाकीच्या शहरांना पत्रं जायची; उत्तरं आली तर आली.

एका सकाळी प्रोग्रामर बाई आली. दोन तास खुर्चीला चिकटून बसली आणि म्हणाली, "झालं, ताई. प्रोग्राम तुमचा जुनाच आहे. पण आता तुम्ही काही शोधलंत की तो वेब सर्व्हिसला विचारेल, आणि ती मुख्य सर्व्हरवरच्या डेटाबेसमधून उत्तर आणून देईल. सगळ्या शहरांच्या नोंदी आहेत तिथे. एखादी खरी केस टाकून बघा."

ताईला फाइल काढावी लागली नाही. पुरुष, वय सव्वीस, डाव्या करंगळीचं टोक नाही.

पडद्यावर एकच नोंद आली, तो घरातून निघाला त्याच आठवड्यातली. दोन तासांवरच्या शहरातलं रुग्णालय. रस्त्यावर अपघात. बोलता येत नव्हतं, खिशात कागद नव्हता. चार दिवस उपचार, मग मृत्यू. अंत्यसंस्कार पालिकेनं केले. फोटोत डोक्याला पट्ट्या होत्या, पण नाक थेट वडिलांचं होतं.

"चाललं की," प्रोग्रामर खुशीत म्हणाली. मग तिचं लक्ष ताईच्या चेहऱ्याकडे गेलं. "कोण आहे हा?"

"माझा भाऊ." ताईनं पदरानं चष्मा पुसला. "ही नोंद तेव्हापासून तिथेच होती?"

"हो," प्रोग्रामर हळूच म्हणाली. "आपल्याला इथून दिसत नव्हती, एवढंच."

चार दिवसांचं सांगायचं नाही, असं ताईनं घरी जाताना मनाशी पक्कं केलं. आई मटार सोलत होती. ताईनं भाऊ गेल्याचं सांगितलं, तसे तिचे हात थांबले. तिनं विचारलं, "लगेच गेला का गं?"

"हो" ताईच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण कार्यालयात समोर बसलेल्या नातेवाइकाला तिनं आजवर कधी खोटं सांगितलं नव्हतं.

"चार दिवस होता, आई."

"चार दिवस," आई म्हणाली. "आणि मी त्या चार दिवसांत त्याला शिव्या घालत होते. साधं पोचल्याचंही कळवलं नाही म्हणून."

ताई आईला खेटून बसली आणि उरलेल्या शेंगा सोलू लागली.

आठवडाभरानं ती कामावर गेली, कपाटातल्या जुन्या फाइली काढून एकेक केस संगणकात टाकत गेली. तीन नोंदी जुळल्या. साहेब म्हणाले, "घरच्यांना पत्रं धाडून देऊ."

"नको," ताई म्हणाली. तिनं फोन उचलला, पहिला नंबर लावला, आणि पलीकडून आवाज आल्यावर म्हणाली, "काका, आधी जरा बसून घ्या."